हूडीवाला हॅकर वैरागला येत नाही

सीन तुमच्या ओळखीचा आहे. अंधारी खोली, टेबलावर चार स्क्रीन, त्यावर सरसर खाली उतरणारी हिरवी अक्षरं. खुर्चीत हूडी घातलेला एक अबोल पोरगा. मागं उभे असलेले साहेब घाम पुसत विचारतात, 'किती वेळ लागेल?' पोरगा मान न वळवता म्हणतो, 'दोन मिनिटं.' मग कीबोर्डची खडखड, आधी लाल पट्टी, मग हिरवी पट्टी, आणि काम फत्ते! तिकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेची उंच इमारत. पन्नासाव्या मजल्यावर सूट घातलेला कंपनीचा मालक खिडकीतून खाली बघत गालातल्या गालात हसतोय. जगाचा डेटा त्याच्या मुठीत. आता सामना या दोघांचा.

वेब सिरीज असो, हिंदी क्राइम शो असो की मराठी मालिकेतला महाएपिसोड असो, हॅकर म्हणजे हा आणि कंपनी म्हणजे तो, हे ठरूनच गेलंय. आपण सगळे 'सीआयडी' बघत मोठे झालो. 1998 मध्ये सुरू झालेली ती मालिका, शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न, आणि 'बघ, काही सापडतंय का' म्हणताच सगळं काही सापडणारा संगणक. धूसर फोटो मोठा केला की गाडीचा नंबर दिसायचा. फोनवर गुन्हेगाराला बोलण्यात गुंतवून ठेवलं की नकाशावर लाल ठिपका लुकलुकायला लागायचा.

आता तुम्ही म्हणाल, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? मलाही तो सीन बघायला आवडतो, खोटं कशाला बोलू? नुसतं खोटं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण चोर कसा दिसतो हे आपण टीव्हीवरून शिकलो, आणि आपण कशावर विश्वास ठेवतो हे चोरांनीही टीव्हीवरूनच हेरलं. या दोन्हींच्या मधल्या फटीतून आपल्या घरातले पैसे चाललेत. म्हणून हा विषय मनावर घ्यायचा.

दुसरा शनिवार, पुणे

खरा हॅक कसा असतो ते बघायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आपल्या पुण्यात झालाय. कॉसमॉस बँक, 1906 मध्ये स्थापन झालेली सहकारी बँक. तारीख 11 ऑगस्ट 2018. कॅलेंडर उघडून बघा, तो महिन्याचा दुसरा शनिवार होता. म्हणजे बँकेला सुट्टी, दुसऱ्या दिवशी रविवार. त्या दुपारपासून रात्रीपर्यंत, साधारण सात तासांत, 28 देशांतल्या एटीएममधून 12 हजारांच्या आसपास व्यवहार झाले आणि सुमारे 78 कोटी रुपये निघाले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी, 13 ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय बँकांच्या 'स्विफ्ट' यंत्रणेतून जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटी.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मशीन बँकेला विचारतं, 'पैसे देऊ का?' हा प्रश्न पोचवायला मध्ये एक यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत व्हायरस घुसवला आणि या स्विचच्या जोडीला एक बनावट स्विच उभा केला. मग प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचेचना. वाटेतच 'द्या, द्या' असं उत्तर मिळत राहिलं. खातेदारांच्या खात्यातून रुपयाही कमी झाला नाही, सगळा फटका बँकेला बसला.

आता यात टीव्हीतल्या सीनमधलं काय काय आहे ते शोधा. दोन मिनिटं? 28 देशांत एकाच वेळी माणसं एटीएमसमोर उभी करायची म्हणजे किती दिवसांची तयारी लागली असेल! एकटा हुशार पोरगा? बनावट कार्डं तयार करणारे वेगळे, ती वाटणारे वेगळे, रांगेत उभं राहून नोटा काढणारे वेगळे. आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे निघाले. तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या हातात लॅपटॉप नव्हता, कार्डांचा गठ्ठा होता.

आणि शेवट? एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. ही साखळीतली खालची, रोकड काढणारी आणि त्यांना कार्डं पुरवणारी मंडळी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं 2019 च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तिथं जो कुणी खुर्चीत बसला होता त्याला शिक्षा झाल्याचं आपण ऐकलेलं नाही. शिक्षा झाली ती एटीएमपुढं उभ्या असलेल्यांना. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढं त्याचा थेट तुमच्याशी संबंध येणार आहे.

सुट्टीचा दिवस निवडणं ही यांची जुनी युक्ती. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर गेले, तेव्हाही ढाक्यातली शुक्रवारची सुट्टी साधली होती. चोरांना त्याहून कितीतरी जास्त न्यायचे होते. त्यातला 2 कोटी डॉलरचा एक व्यवहार अडला, कारण चोरांनी 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं आणि मधल्या बँकेला संशय आला. जगातल्या मोठ्या चोरीतला एक तुकडा स्पेलिंगमुळं वाचला, हे कुठल्या लेखकानं लिहिलं असतं तर दिग्दर्शकानं ते पान फाडून टाकलं असतं.

तो आत शिरत नाही, तुम्ही दार उघडता

आता पुण्याहून आपल्या गावाकडं या. मी वैरागची. बार्शीला किंवा सोलापूरला कॉलेजला जाणारी पोरं एसटीत मोबाइलवर सिरीज बघत जातात, आणि त्याच मोबाइलवर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये एक फाइल येऊन पडलेली असते. कधी नाव असतं 'पीएम किसान', कधी 'आरटीओ चलन', लग्नसराईत 'लग्नपत्रिका'. फाइलच्या नावाच्या शेवटी तीन अक्षरं असतात, एपीके. म्हणजे ती पत्रिका नसते, फोनमध्ये बसणारं अॅप असतं.

आप्पांनी ती उघडली की अॅप परवानग्या मागतं. मेसेज वाचू का? हो. कॉन्टॅक्ट बघू का? हो. एकदा मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी आप्पांनी बघायच्या आधी चोरापर्यंत पोचलेला असतो. वर तीच फाइल आप्पांच्या नावानं त्यांच्या सगळ्या पाहुण्यांना जाते. पाहुणे म्हणतात, आप्पांनी पाठवलीय म्हणजे बघायलाच पाहिजे.

'ओटीपी कुणाला सांगू नका' हे आपण आईवडिलांना शंभर वेळा सांगितलंय. इथं त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. तरी पैसे गेले. आणि आपण पोरं पहिलं वाक्य काय बोलतो? 'तुम्हीच काहीतरी दाबलं असणार!' आपल्या डोक्यात हॅकर म्हणजे तो महाबुद्धिमान हूडीवाला. तो वैरागला कशाला येईल? म्हणजे चूक आप्पांचीच. मग आप्पा गप्प बसतात. दोन दिवस कुणाला सांगत नाहीत. आणि सायबर चोरीत पैसा वाचवायचा असेल तर ते पहिले काही तासच मोलाचे असतात.

मजा बघा, टीव्हीवाल्यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. 2015 ते 2019 या काळात आलेली 'मिस्टर रोबोट' ही अमेरिकन सिरीज संगणकवाल्यांनाही पटली, कारण तिच्यातल्या स्क्रीनवर खऱ्या कमांड दिसायच्या. तिचा नायक एलियट हूडी घालतो हे खरं. पण पहिल्याच भागात तो एका माणसाला फोन करतो, बँकेच्या फसवणूकविरोधी विभागातून बोलतोय असं सांगतो आणि 'खात्री करण्यासाठी' म्हणून चार प्रश्न विचारतो. पत्ता काय, आवडती टीम कुठली, पाळलेल्या प्राण्याचं नाव काय. झालं, पासवर्डचा अंदाज लागला. 'मैं बँक से बोल रहा हूँ' हाच तो फोन! झारखंडच्या जामताऱ्यातली पोरं हेच करत होती, त्यावर 2020 मध्ये 'जामतारा' ही सिरीज आली. 'मिस्टर रोबोट'मध्ये पुढं एलियट कडेकोट बंदोबस्ताच्या डेटा सेंटरमध्ये घुसतो तोही बड्या उद्योजकाचं सोंग घेऊन. म्हणजे बहुतेक वेळा कुलूप माणसाचं फोडतात, संगणकाचं नंतर. पण सिरीज संपल्यावर आपल्या लक्षात काय राहिलं? हूडी.

चोरांनीच मालिका काढली

'डिजिटल अरेस्ट' हा शब्द आता सगळ्यांना माहीत झालाय. व्हिडिओ कॉल येतो. समोर वर्दीतला अधिकारी, मागं पोलीस ठाण्यासारखी खोली, भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. 'तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय', 'तुमच्या नावानं मनी लाँडरिंग झालंय', 'कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही', 'घरात कुणाला सांगायचं नाही'. सेट आहे, वेशभूषा आहे, संवाद पाठ केलेले आहेत. एक कडक अधिकारी, एक समजूतदार अधिकारी, अगदी मालिकेतल्यासारखी जोडी. अहो, ही मालिकाच आहे. फक्त प्रेक्षक एकच आणि तिकीट आयुष्यभराच्या कमाईएवढं.

2024 च्या ऑगस्टमध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांना असंच अडकवलं गेलं. त्यांना चक्क ऑनलाइन 'सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी' दाखवली, आणि न्यायाधीशाच्या जागी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावानं कुणी दुसराच बसवला. 7 कोटी रुपये गेले. तक्रार झाल्यावर पोलिसांनी त्यातले सव्वापाच कोटी परत मिळवले. एवढा मोठा उद्योग चालवणारा माणूस फसतो, तर निवृत्त शिक्षक फसले की 'काय येडा माणूस' म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

ही नाटकं चालतात कारण आपल्यापैकी बहुतेकांनी खरा सीबीआय अधिकारी कधी पाहिलेला नाही. खरं न्यायालय आतून पाहिलेलं नाही. ते कसं दिसतं हे आपल्याला पडद्यानंच सांगितलंय. मग पडद्यावर तसंच काही दिसलं की मन म्हणतं, हे खरं. ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना स्वतः सांगावं लागलं की कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नसतं. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, हे घरातल्या मोठ्यांना एकदा नीट बसून सांगा. ओरडून नको, जेवताना सांगा.

खऱ्या तपासाचं चित्र एकदम रुक्ष आहे. मोबाइल कंपनीकडं लेखी मागणी करून कॉलचा तपशील मिळवायचा. सिमकार्ड निघतं तिसऱ्याच राज्यातल्या मजुराच्या नावावर. पैसे एका खात्यातून पाच खात्यांत, पाचातून पंधरात गेलेले असतात. प्रत्येक बँकेला ईमेल, प्रत्येक बँकेच्या उत्तराची वाट. लाल ठिपका वगैरे लुकलुकत नाही, एक्सेल शीट वाढत जाते.

काचेच्या इमारतीतला खलनायक

हॅकरचं चित्र जसं खोटं, तसं कंपनीचंही. टीव्हीतली कंपनी सर्वज्ञ असते, दुष्ट असते आणि तिला एक चेहरा असतो. 'मिस्टर रोबोट'मध्ये तिचं नाव ई कॉर्प, नायक मनातल्या मनात तिला 'इव्हिल कॉर्प' म्हणतो. पहिल्या सीझनच्या शेवटी तिच्याकडच्या कर्जाच्या नोंदीच निकामी केल्या जातात. लोक कर्जमुक्त, रस्त्यावर जल्लोष!

सोलापूर जिल्ह्यातल्या पोराला हा सीन बघताना काय वाटतं ते मी सांगायला नको. घरी सातबाऱ्यावर बोजा असताना कुणीतरी एक बटण दाबावं आणि सगळं पुसून जावं! पण संगणकानं कर्ज पुसणं म्हणजे काय असतं हे आपण 2017 मध्ये पाहिलंय. त्या जूनमध्ये राज्य सरकारनं 34 हजार 22 कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ. त्यासाठी ऑनलाइन अर्ज. महाराष्ट्रभर 'आपले सरकार' केंद्रांसमोर शेतकरी नवरा-बायको रांगेत उभे राहिले. सर्व्हर बंद पडायचा. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे मशीनला उमटायचे नाहीत. ऐन दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली आणि नंतर कळलं की याद्यांतल्या माहितीतच घोळ आहेत. तिथं कुणी हॅकर नव्हता. काचेच्या इमारतीत हसणारा मालकही नव्हता. होता एक फॉर्म, आणि फॉर्म चुकला तर जाब कुणाला विचारायचा हे रांगेतल्या माणसाला माहीत नव्हतं.

मोठ्या कंपन्यांचंही असंच असतं. केंब्रिज अॅनालिटिका हे प्रकरण 2018 मध्ये जगभर गाजलं. फेसबुकनंच सांगितल्याप्रमाणं भारतात एक क्विझ अॅप फक्त 335 जणांनी घेतलं होतं. पण त्या अॅपला मित्रांची माहिती बघायचीही मुभा होती, म्हणून 5 लाख 62 हजारांवर भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता निघाली. त्यात कुणी पासवर्ड फोडला नव्हता. कुंपणाला भगदाड नव्हतं, फाटकच उघडं ठेवलेलं होतं, आणि ते तसं ठेवण्यात धंदा होता. अमेरिकेत पुढच्या वर्षी फेसबुकला 5 अब्ज डॉलरचा दंड झाला.

आपल्याकडचं ताजं उदाहरण तर तुमच्या खिशात आहे. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअॅपचा मेसेज आला होता, आमची नवी पॉलिसी मान्य करा. आठवतोय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. ऑनलाइन वर्ग व्हॉट्सअॅपवर, गृहपाठ व्हॉट्सअॅपवर, मान्य नाही म्हणून जाणार कुठं? सगळ्यांनी 'अॅग्री' दाबलं. भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर 2024 मध्ये नेमकं याच सक्तीवर बोट ठेवून मेटा कंपनीला 213 कोटी 14 लाखांचा दंड ठोठावला. टीव्हीतली कंपनी तुमचा डेटा चोरते. खरी कंपनी तो नीट मागून घेते, कुणी पूर्ण न वाचणाऱ्या भाषेत, आणि 'नाही' म्हणायची सोय ठेवत नाही. असल्या गोष्टीवर सिरीज निघणं अवघड आहे. अंगठ्यानं 'अॅग्री' दाबण्याला पार्श्वसंगीत तरी काय द्यायचं?

बरं, टीव्हीतली कंपनी सर्वशक्तिमान असते, खरी कंपनी कधी कधी भलतीच ढिसाळ असते. जून 2017 मध्ये 'नॉटपेट्या' व्हायरसमुळं उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ते टर्मिनल मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीच्या समूहाचं. आणि व्हायरस पसरला कुठून? युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. उरणवर कुणाचा डोळा नव्हता. तिकडच्या हिशेबाच्या अपडेटमुळं इकडं कंटेनरच्या रांगा लागल्या. हे व्हायरस ज्या फटीतून शिरत होते तिच्यावर मायक्रोसॉफ्टनं मार्च 2017 मध्येच दुरुस्ती दिली होती. 'रिमाइंड मी लेटर' फक्त तुम्ही-आम्हीच दाबत नाही.

'भावा, तुझं खातं वापरू का?'

आता कोल्हापुरातल्या त्या एटीएमकडं परत येऊ. चोरीचा पैसा चोराच्या स्वतःच्या खात्यात कधीच जात नाही. त्याला दुसऱ्यांची खाती लागतात. अशा खात्याला 'म्यूल अकाउंट' म्हणतात, म्हणजे ओझं वाहणारं खेचर. आणि ही खाती कुणाकडं मागतात? कॉलेजच्या पोरांकडं. झिरो बॅलन्स खातं आहे, पॉकेटमनी संपलाय, टेलिग्रामवर मेसेज येतो नाहीतर ओळखीचाच कुणीतरी विचारतो, 'भावा, तुझं खातं आठवडाभर वापरू का? गेमिंगचे पैसे येणार आहेत. पासबुक, एटीएम आणि सिम दे, वर कमिशन घे.'

देणाऱ्याला वाटतं, मी कुठं हॅक केलंय? मला तर कोडिंगपण येत नाही. बरोबर आहे, टीव्हीनं शिकवलेल्या व्याख्येत तो बसतच नाही. पण पोलिसांच्या एक्सेल शीटमध्ये पहिलं नाव त्याचंच असतं. बोलणारा परदेशात असेल, सिम मजुराचं असेल, पण खातं खरं, केवायसी खरी, फोटो खरा, पत्ता आईवडिलांचा. आधी खातं गोठतं, मग नोटीस येते, मग नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते प्रकरण वर येतं. कॉसमॉसच्या खटल्यात शिक्षा कुणाला झाली ते वर वाचलंत ना?

याच यादीत आणखी एक मोह आहे. 'कुणाचंही इन्स्टा हॅक करा' सांगणारी रील. पैसे भरून, नाहीतर अॅप उतरवून, पोरं मैत्रिणीचं अकाउंट बघायला जातात. बहुतेक वेळा त्यांचाच फोन लुटला जातो. आणि चुकून जमलंच, तर दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. त्या अंधाऱ्या खोलीतल्या पोराला पडद्यावर कधी कलम लागत नाही, म्हणून आपल्याला ते माहीत नसतं.

मग करायचं काय?

सिरीज बघणं सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. बघा, पण दोन सवयी लावून घ्या.

पहिली सवय, फसलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारायचा नाही, आधी फोन लावायचा. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. सोबत बँकेला कळवायचं आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, तो वाटेत अडवायचा असेल तर 'तुम्ही काय दाबलं?' ही चौकशी संध्याकाळी चहासोबत करा.

दुसरी सवय, बँकेलाही जाब विचारायचा. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक काय सांगतं? चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, गडबड मधल्या यंत्रणेत झाली, आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याला भुर्दंड शून्य. ग्राहकानं स्वतः माहिती दिली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. काउंटरवर 'तुम्हीच ओटीपी दिला असेल, आम्ही काही करू शकत नाही' हे वाक्य ऐकून आप्पा परत फिरतात, कारण त्यांच्यासोबत कुणी शिकलेलं गेलेलं नसतं. तुम्ही जा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तारीख आणि वेळ टाका. हे काम करायला कोडिंग लागत नाही.

आणि मालिका लिहिणाऱ्यांना एक विनंती. एपीके फाइल गावात पसरते तेव्हा पहिल्या दिवशी कोण गप्प बसतं, दुसऱ्या दिवशी कोण कुणावर संशय घेतं, बँकेतला नवा क्लार्क मनातून जाणतो पण साहेबांसमोर बोलत नाही, कमिशनपोटी खातं देणारा पोरगा फसलेल्या आजीच्या गल्लीतलाच निघतो, यात तुम्हाला खरंच नाट्य दिसत नाही? हिरव्या अक्षरांचा खर्चही वाचेल. 'मिस्टर रोबोट'नं एका फोन कॉलमधून थरार उभा करून दाखवलाय. मराठीत तर फोनवर बोलणारी माणसं जास्त चांगली लिहिता येतात.

तोवर आपलं आपण बघायचं. पुढच्या वेळी पडद्यावर तो पोरगा 'दोन मिनिटं' म्हणाला की सिरीज पॉज करा आणि तीच दोन मिनिटं घरातल्या फोनसाठी द्या. आईच्या, आप्पांच्या फोनमध्ये कुठल्या अॅपला मेसेज वाचायची परवानगी आहे ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. नको ती परवानगी काढून टाका. 1930 नंबर सेव्ह करून द्या, नाव मराठीत टाका, म्हणजे घाईत सापडेल.